मऊ फ्रेंच चीजसोबत रेड वाइन का बिघडते?

चीजच्या फळीशेजारी रेड वाइनचा ग्लास, हे चित्र जाहिरातींनी डोक्यात इतकं बसवलं आहे की कोणी व्हाइट वाइन उघडली तर पाहुण्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. कडक, महिनोन्‌महिने मुरलेल्या चीजपुरतं ते ठीक आहे. ब्री, कामांबेर, एपवास, मुन्स्टर अशा मऊ चीजांपाशी मात्र गाडी अडते. घोट घेतला की लोखंडी खिळा चोखल्यासारखी कडवट चव येते आणि सगळे चीजला नावं ठेवतात. खरं तर चीजही चांगलं असतं आणि वाइनही. जोडी चुकलेली असते. ती जमवायची तर आधी चीजची साल बघायची, मग ते किती पिकलंय हे चाचपायचं. चीजचं नाव आणि बाटलीचं लेबल त्यानंतर.

साल कशी तयार होते?

मऊ चीजची सुरुवात आपल्या दह्यापासून फार लांब नाही. दुधाला विरजण लावतात आणि सोबत रेनेट घालतात, म्हणजे वासराच्या पोटातलं दूध गोठवणारं विकर. गोठलेलं दही डावानं साच्यात भरतात आणि निथळू देतात. चक्का टांगल्यावर जसं पाणी आपोआप उतरतं तसंच, वर वजन ठेवायचं नाही. म्हणून या चीजमध्ये निम्म्याच्या आसपास पाणी राहतं आणि ते मऊ राहतं. खऱ्या ‘कामांबेर द नॉर्मांदी’साठी कच्चं दूध लागतं, आणि साचा एका दमात भरून चालत नाही. किमान पाच डाव घालायचे आणि दोन डावांमध्ये किमान 40 मिनिटं थांबायचं. पहिला थर थोडा बसला की दुसरा. 250 ग्रॅमच्या एका चकतीला दोन लिटरहून थोडं जास्त दूध जातं. ‘ब्री द मो’ची चकती 36-37 सेंटिमीटर रुंद असते आणि तिला सुमारे 25 लिटर दूध लागतं.

यानंतर मीठ लावतात. पुढे चीजचं काय होणार, हे सालीवर कोण राहायला येतं यावर ठरतं.

ब्री-कामांबेरवर पांढरी, मखमली बुरशी वाढवतात, पेनिसिलियम कामांबेर्ती. ताज्या चकतीचा गाभा दह्यासारखा आंबट आणि खडूसारखा ठिसूळ असतो. बुरशी वरच्या थरातलं आम्ल खाते, प्रथिनं तोडते आणि थोडा अमोनिया सोडते. त्यामुळे सालीजवळचा आंबटपणा उतरतो, आतलं कॅल्शियम सालीकडे सरकून तिथे जमा होतं, आणि त्या कॅल्शियमनं जखडलेली प्रथिनं सुटी होऊन गर लुसलुशीत होतो. हे सगळं बाहेरून आत चालतं. आंबा कोयीपासून सालीकडे पिकतो. कामांबेर नेमकं उलटं. चकती तीन सेंटिमीटरच्या आसपास जाड ठेवण्यामागेही हेच आहे. ती दुप्पट जाड केली तर गाभा पिकेपर्यंत बाहेरचा थर नासायला आलेला असेल.

दुसरा प्रकार नारिंगी, चिकट सालीचा. एपवास, मुन्स्टर, लाँग्र, लिव्हारो ही चीजं मुरताना मिठाच्या पाण्यानं पुन्हापुन्हा पुसतात. ओल्या, खारट सालीवर बुरशीचं फारसं चालत नाही. तिथे ब्रेव्हीबॅक्टेरियम लिनेन्स आणि त्याच्या जातकुळीतले जीवाणू माजतात. घामट पायांच्या वासामागेही त्यांचेच भाऊबंद असतात, त्यामुळे डबा उघडल्यावर दिवसभर घातलेले मोजे आठवले तर नाकाची चूक नाही. बरगंडीतलं एपवास शेवटी शेवटी ‘मार’नं पुसतात. द्राक्षांचा रस काढल्यावर उरलेल्या चोथ्यापासून गाळलेलं हे कडक मद्य. वास भयंकर, पण गराची चव त्या मानानं सौम्य, गोडसर आणि खारट असते. हे चीज वासावरून नाकारणारे फार मोठी गोष्ट गमावतात, असं आमचं पक्षपाती मत.

तिसरा प्रकार शेळीच्या दुधाचा. फ्रान्समध्ये यांचं मोठं माहेरघर म्हणजे ल्वार नदीचं खोरं. क्रोतँ द शाविन्योल छोट्या गोळ्यासारखं असतं, सँत-मोर द तुरेन ओंडक्यासारखं लांबट आणि मधोमध एक काडी, तर व्हालाँसे शेंडा कापलेल्या पिरॅमिडसारखं. शेवटच्या दोघांवर कोळशाची बारीक पूड फासतात. त्यानं वरचा आंबटपणा कमी होतो आणि साल नीट धरते. राखाडी रंग बघून चीज खराब झालं असं समजून फेकू नका.

पिकलंय का?

नुसतं नाव सांगून वाइन विचारणं म्हणजे कैरी की हापूस हे न सांगता ‘आंब्यासोबत काय चालेल’ विचारण्यासारखं. एकच कामांबेर तीन आठवड्यांचं असताना आणि पाच आठवड्यांचं झाल्यावर दोन वेगळे पदार्थ असतात.

अंगठ्यानं मधोमध हलकं दाबा. मध्य घट्ट आणि कड मऊ असेल तर अजून वेळ आहे. मध्य आणि कड सारखीच नरम लागून बोट सोडल्यावर सावकाश वर येत असेल तर आज खायचं. दाबल्यावर आत पाणी डचमळल्यासारखं वाटलं तर उशीर झाला. कापल्यावर मधोमध पांढरी खडूसारखी पट्टी दिसली तर ते अर्धवट पिकलेलं आहे. त्यात बिघाड काहीच नाही. काही फ्रेंच लोक ते तसंच पसंत करतात. सालीवर थोड्या तांबूस-तपकिरी रेघा येणंही चांगलंच. कागद सोडल्यावर अमोनियाचा तिखट झोत आला तर चीज अर्धा-पाऊण तास उघडं ठेवा. कोंडलेला वास असेल तर उडून जातो. राहिला तर साल काढून गर चाखा, आणि घशात चुरचुरलं तर फेकून द्या.

सुपरमार्केटमधलं बरंचसं ब्री मात्र या चाचणीत बसत नाही. ते बनवतानाच दही फार आंबट होऊ देत नाहीत. त्यामुळे पहिल्या दिवसापासून सगळा गर एकसारखा, रबरासारखा मऊ लागतो आणि दुकानात आठवडेच्या आठवडे टिकतो. असं ब्री घरी ठेवून ‘पिकवता’ येत नाही. ते एके दिवशी सरळ कडू होतं. डबाबंद कामांबेर तर गरम करून निर्जंतुक केलेलं असतं, तिथे पिकवणारं कोणी जिवंत उरलेलंच नाही. वाइनच्या दृष्टीनं याची एक सोय आहे: चव सौम्य असल्यानं चूक सहज पोटात घातली जाते.

तोंडात नेमकं काय होतं?

रेड वाइनचा तुरटपणा टॅनिनचा. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून ते येतं. जांभूळ खाल्ल्यावर किंवा कोरा चहा फार उकळल्यावर जीभ जशी ओढली जाते, तेच. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना बांधून टाकतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. चीजमध्ये प्रथिनं आणि स्निग्धांश भरपूर, त्यामुळे चीजच्या घासासोबत टॅनिन बोथट होतं. ‘रेड वाइन आणि चीज’ या समजामागचं खरं ते एवढंच. पण त्याबरोबर वाइनमधला फळांचा वासही दबतो. इंग्लंडच्या वाइन-व्यापाऱ्यांत जुनी म्हण आहे: घेताना सफरचंदासोबत चाखा, विकताना चीजसोबत. चीज सुमार वाइनचे दोष झाकतं; महाग वाइनचे गुणही तितक्याच तत्परतेनं झाकतं.

मऊ चीजमध्ये यावर आणखी एक अडचण येते. पांढऱ्या बुरशीच्या सालीत मशरूमसारखी किंचित कडवट चव असते, आणि पिकता पिकता अमोनिया वाढतो. त्यावर कॅबर्ने किंवा शिराझसारखी तुरट रेड आली की दोन्हीकडचा कडवटपणा एकमेकांना धरून वर येतो, आणि खिळ्याची चव लागते. ओकच्या पिंपात फार काळ ठेवलेली व्हाइटही याच कारणानं फसते, कारण लाकडातूनही टॅनिन उतरतं.

व्हाइट वाइनमध्ये टॅनिन जवळपास नसतं आणि आंबटपणा जास्त असतो. बासुंदीनंतर लिंबाची फोड चोखावी तसं ते आम्ल जिभेवरचा स्निग्ध थर कापतं आणि पुढचा घास ताजा लागतो. वाइनमध्ये बुडबुडे असतील तर हे काम आणखी नेटकं होतं. चीज फार खारट आणि उग्र असेल तर थोडी गोड वाइन त्याला सावरून धरते.

कोणासोबत कोण?

शेळीचं चीज आणि सोव्हिन्यों ब्लाँ ही जोडी इतकी सरळ आहे की नवख्यानं इथूनच सुरुवात करावी. शाविन्योल हे गाव साँसेरच्या, म्हणजे याच द्राक्षाच्या प्रसिद्ध व्हाइट वाइनच्याच हद्दीत येतं. वाइनमधला गवतासारखा हिरवा वास आणि तीक्ष्ण आम्ल शेळीच्या चीजच्या आंबटपणाला जोडीदारासारखं भेटतं. इथे दोघंही आंबट हवेत. वाइन कमी आंबट असेल तर चीजपुढे ती पाणचट लागते. व्हालाँसेची गोष्ट आणखी मजेची आहे. चीजला या नावाचा संरक्षित दर्जा 1998 मध्ये मिळाला आणि त्याच नावाच्या वाइनला 2004 मध्ये.

कोवळं ब्री किंवा शावूर्स (तेही पांढऱ्या सालीचंच) असेल तर कोरडी, म्हणजे फारसा गोडवा नसलेली शँपेन, नाहीतर ओक न लावलेली शार्दोने, म्हणजे शाब्लीसारखी व्हाइट. ब्रीचं मो आणि शँपेनचं एपेर्ने ही दोन्ही गावं मार्न नदीच्याच काठची. ब्रिया-साव्हारँसारख्या जास्त साय घातलेल्या चीजला तर बुडबुड्यांशिवाय पर्याय नाही, नाहीतर तिसऱ्या घासाला लोणी खाल्ल्यासारखं होतं. त्याच्या वेष्टनावर 75 टक्के स्निग्धांश वाचून दचकायला नको. तो आकडा पाणी वगळून काढलेला असतो. प्रत्यक्षात सुमारे 40 टक्के. कामांबेरचे 45 टक्के याच हिशेबानं 22 च्या घरात येतात.

नीट पिकलेल्या कामांबेरसाठी उत्तर वाइनमध्ये शोधूच नका. नॉर्मंडी हा द्राक्षांचा नव्हे, सफरचंदांचा मुलुख. तिथली कोरडी सीद्र, म्हणजे सफरचंदाची आंबवलेली, फसफसती दारू, चार-पाच टक्के अल्कोहोलची. ती या चीजसोबत कुठल्याही महाग वाइनपेक्षा सरस ठरते. सीद्रमध्येही थोडं टॅनिन असतं, पण सोबत सफरचंदाचा गोडवा आणि बुडबुडेही असतात, म्हणून निभतं. रेडच हवी असा हट्ट असेल तर बोजोले किंवा हलकी पिनो न्वार घ्या, आणि चीज कोवळं, मधली खडूची पट्टी शिल्लक असलेलं निवडा. साल काढून खाल्लं तर आणखी बरं.

आल्सासचं मुन्स्टर आणि तिथलीच गेव्युर्त्सत्रामिनेर. या वाइनला लिचीचा आणि गुलाबाचा वास असतो, चव भरदार आणि बरेचदा किंचित गोड. सालीचा उग्र दर्प आणि वाइनचा अत्तरी वास एकमेकांना दाबत नाहीत, हे चाखल्याशिवाय पटत नाही. एपवाससोबत बरगंडीची रेड देण्याची रीत आहे. पण चीज ऐन भरात असेल तर ती पिनो न्वार बिचारी दिसेनाशी होते. बरगंडीचीच भरदार व्हाइट किंवा सोतेर्नसारखी गोड वाइन जास्त चालते. लाँग्रच्या माथ्यावर खळगा असतो, कारण मुरताना ते उलटत नाहीत. त्या खळग्यात चमचाभर शँपेन किंवा मार ओतून खायची पद्धत आहे. करून बघायला हरकत नाही, पण सालीला एक-दोन टोचे मारा, नाहीतर सगळं ताटात वाहून जातं.

आपल्याकडे नाशिकमुळे काम सोपं झालं आहे. तिथे भरपूर होणारी शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ ही दोन्ही द्राक्षं मुळात ल्वारच्या खोऱ्यात नांदणारी, म्हणजे शेळीच्या चीजच्या शेजारची. किंचित गोड शेनिन नारिंगी सालीच्या चीजसोबत छान जाते, आणि नाशिकची कोरडी स्पार्कलिंग वाइन ब्रीसोबत. तिथल्या कॅबर्ने आणि शिराझ मटणासाठी ठेवा.

मांडणी आणि चाखणं

जेवणानंतर चीज देणार असाल तर माणशी 60 ते 80 ग्रॅम पुरतं. जेवणच चीज-पावाचं असेल तर 150 ते 200. तिनापेक्षा जास्त प्रकार मांडू नका. प्रत्येक कुळातलं एकेक घ्या. 750 मिलिलीटरच्या बाटलीतून चाखण्यापुरते 60 मिलिलीटरचे बारा घोट निघतात.

फ्रिजमधल्या गार चीजला ना वास असतो ना चव. थिजलेल्या तुपासारखाच प्रकार. फ्रेंच पुस्तकं तास-दीड तास आधी बाहेर काढा म्हणतात, ते 20 अंशांच्या खोलीसाठी. मुंबईच्या मे महिन्यात तेवढ्यात ब्री फळीवरून पळून जाईल. 30-32 अंशांत कामांबेरला 25-30 मिनिटं बास, शेळीच्या छोट्या गोळ्याला पंधरा. वाइनचंही तसंच. व्हाइट 8 ते 12 अंशांना द्या, हलकी रेड 14 ते 16 ला. ‘रेड खोलीच्या तापमानाला’ हा नियम आपल्या खोल्यांसाठी लिहिलेला नाही; रेडसुद्धा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी. मात्र बर्फात पुरू नये, गार झाली की तुरटपणा आणखी टोचतो.

कापण्यात एक शिष्टाचार आहे. ब्रीच्या त्रिकोणी तुकड्याचं टोक आडवं छाटून घेणं फ्रान्समध्ये असभ्य समजतात, कारण मऊ गर तुम्ही नेता आणि मागच्याला नुसती साल उरते. टोकापासून सालीपर्यंत लांब, निमुळता काप काढा. कामांबेरचे केकसारखे त्रिकोण करा, सँत-मोरच्या काडी उपसून चकत्या. पिकलेलं एपवास सरळ चमच्यानं. प्रत्येकाला वेगळी सुरी ठेवा, नाहीतर दहा मिनिटांत सगळ्यांना एपवासचा वास लागतो.

क्रम सौम्याकडून उग्राकडे: शेळीचं, मग पांढऱ्या सालीचं, शेवटी नारिंगी. आधी सालीचा वास घ्या, मग गराचा. ते निराळे असतात. पहिला घास नुसत्या गराचा, दुसरा सालीसकट. चावताना नाकानं श्वास सोडा, अर्धी चव तिथे आहे. मग घास पूर्ण गिळण्याआधी वाइनचा छोटा घोट. जोडी जमली असेल तर गिळल्यावर दोन्ही चवी ओळखता येतात. एकच उरली तर दुसरी हरली. तिसरीच, कडवट चव उगवली तर साल काढून पुन्हा चाखा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

सोबत साधा, कमी मिठाचा, कडक कवचाचा पाव. लसूण-मिरचीची बिस्किटं नकोत, त्यांच्यापुढे वाइनचं काही चालत नाही. नाशपाती, सफरचंद, अक्रोड चालतात. शेळीच्या चीजसोबत पिकलेलं अंजीर उत्तम, आणि हंगामात पुरंदरचं मिळालं तर बाहेरून आणायची गरज नाही.

दोन गोष्टी आधी विचारून घ्या. फ्रान्सच्या संरक्षित नावांच्या चीजमध्ये रेनेट सहसा प्राण्याचंच असतं, त्यामुळे शाकाहारी पाहुण्यांसाठी हिरवा ठिपका असलेलं भारतीय ब्री आणा. आणि गर्भवतींना अशी मुरवलेली मऊ चीजं न शिजवता देऊ नका; लिस्टेरियाचा धोका असतो आणि तो जीवाणू फ्रिजच्या थंडीतही वाढतो.

उरलेलं चीज प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलं तर सालीचा श्वास कोंडून अमोनिया साठतो. त्याच्याच कागदात किंवा बटर पेपरमध्ये बांधून भाजीच्या कप्प्यात ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. कापलेलं कामांबेर पुढे नीट पिकत नाही. कापाच्या तोंडातून गर वाहतो आणि कडा सुकतात. कोवळं असतानाच घाईनं घेतलेलं अख्खं कामांबेर असेल तर कागद काढून लाकडी डबीत परत ठेवा, वर सुरीनं चिरा पाडून लसणाची एखादी पाकळी आणि उरलेल्या व्हाइट वाइनचा चमचा घाला, आणि 180 अंशांच्या ओव्हनमध्ये 15 ते 20 मिनिटं भाजा. डबीचा जोड पिनांनी ठोकलेला आहे की नुसता चिकटवलेला, ते आधी बघा. चिकटवलेला असेल तर बाहेरून फॉइल गुंडाळा, नाहीतर जोड सुटून चीज ओव्हनच्या तळाशी जाईल.